एलिफंट बीचची वाट

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणे झाले नाही. फेब्रुवारीत लेक, जावई आणि नववीतली नात यांच्याबरोबर अंदमानला जाऊन आले. आल्यापासून लिहायचे मनात होते, पण सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. पुण्याच्या वन्संनी आणि नागपूरच्या भाचीने 'प्रवासवर्णन लिहा, फोटो टाका' असा तगादा लावला आहे. सेल्युलर जेलवर आपल्या मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालत नाही. आज फक्त एका दिवसाबद्दल लिहिते.

सकाळी जंगलातून चालत एलिफंट बीचला जायचे, दुपारी समुद्रात तोंड बुडवून पोवळी बघायची आणि संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त, असा तो दिवस होता. जावईबापूंच्या मोबाइलवर त्याचे नाव होते 'फुल डे जंगल अ‍ॅडव्हेंचर अँड स्नॉर्कलिंग'. मी पडले इतिहासाची मास्तरीण, त्यामुळे मला त्या दिवसात भलतेच काही दिसले.

जुन्या वाचकांना ठाऊक आहे की मी तालुक्याच्या गावी बत्तीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. दर वर्षी १८५७ चा उठाव यायचा. कारणे, स्वरूप, परिणाम असे फळ्यावर तीन रकाने. नानासाहेब, तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई यांच्यावर टिपा. परिणामांच्या रकान्यात तळाशी मी एक ओळ लिहीत असे, 'अनेकांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली.' एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "बाई, तिथलं पाणी खरंच काळं असतं का? आणि तिथे नेऊन त्यांना काय करायला लावायचे?" वर्ग हसला. पोर्शन राहिला होता, सहामाही तोंडावर आली होती. "ते परीक्षेला नाही, बस खाली," असे मी म्हटले. मुलगा बसला. पुढे त्याने शाळाही सोडली. त्याचा प्रश्न मी विसरूनही गेले होते. तो इतक्या वर्षांनी हॅवलॉक बेटावर आठवला.

आधी या बेटाच्या नावाबद्दल. ३० डिसेंबर २०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप आहे. शेजारचे नील आता शहीद द्वीप झाले. पोर्ट ब्लेअरचेही २०२४ साली श्री विजयपुरम झाले. पण बोटीवर, हॉटेलात, रिक्षावाल्याच्या तोंडी अजून हॅवलॉकच चालते. मला गंमत वाटली ती अशी की आमच्या बोटीवर निम्मी मंडळी मराठी होती, कोल्हापूरचे एक, ठाण्याची दोन कुटुंबे, एक नवपरिणीत जोडपे. हॅवलॉक कोण, हे त्यांतल्या एकालाही सांगता आले नाही. मी विचारले म्हणून सांगते. मास्तरकीची खोड जात नाही.

हेन्री हॅवलॉक म्हणजे १८५७ च्या जुलैत अलाहाबादहून कानपूरवर चाल करून आलेला इंग्रज सेनानी. १२ जुलैला त्याने फत्तेपूरला नानासाहेबांच्या फौजेचा पराभव केला, १६ जुलैला खुद्द कानपूरजवळ केला आणि दुसऱ्या दिवशी तो शहरात शिरला. कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेले आणि ब्रह्मावर्ताला दुसऱ्या बाजीरावांच्या मांडीवर दत्तक गेलेले आपले नानासाहेब तिथून जे हटले ते पुन्हा कानपूरला स्थिर झाले नाहीत. हॅवलॉक स्वतः त्याच नोव्हेंबरात लखनौला आमांशाने मेला. नील म्हणजे जेम्स नील. अलाहाबादेत आणि कानपुरात त्याने जो सूड उगवला, तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. कानपूरच्या सुडाचे कारण सांगितले गेले ते बीबीघर. तिथे कैदेतल्या शंभराहून अधिक इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली होती. ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही, कारण ती आमच्या पुस्तकात नव्हती आणि मलाही ती नको होती. आज वाटते, सांगायला हवी होती. मुले तेवढी समजूतदार असतात.

या सगळ्या बेटांच्या पुंजक्याला रिची द्वीपसमूह म्हणतात. त्यातल्या बेटांची इंग्रजी नावे नकाशावर वाचत गेले तर सत्तावन सालच्या इंग्रजी छावणीची हजेरी घेतल्यासारखे वाटते. हॅवलॉक, नील, आउट्रम, निकोल्सन, विल्सन, पील, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स. उठाव मोडणाऱ्यांची नावे बेटांना दिली आणि उठाव करणाऱ्यांना तिथून जवळच कैदी म्हणून आणले. लंडनच्या ट्राफल्गार चौकात हॅवलॉकचा पुतळा आहे. २००० साली लंडनच्या महापौरांनी जाहीरपणे म्हटले की हा सेनानी कोण हे आपल्याला माहीत नाही, हे पुतळे इथून हलवावेत. त्याच्या गावचे लोक त्याला विसरले आणि आपण मात्र २०१८ पर्यंत त्याच्या नावाने तिकिटे काढत होतो!

असो. आता वाटेकडे वळते.

राधानगरला जाणाऱ्या रस्त्यावरून उजव्या हाताला एक पायवाट फुटते. साधारण दोन किलोमीटर. सुरुवातीला सुपारीच्या बागा, मग चढउतार नसलेले झुडपी जंगल आणि मग एकदम उंचच उंच झाडे. त्यांची मुळे जमिनीवर माणसाच्या उंचीएवढ्या फळ्या उभ्या केल्यासारखी पसरलेली. गर्जन आणि पडौक ही तिथली नावाजलेली झाडे. पडौकचे लाकूड तांबूस, सागाच्या तोडीचे. बरोबर पंचविशीतला वाटाड्या होता. मला 'माँजी' म्हणत होता आणि दर शंभर पावलांवर "धीरे, माँजी, जड़ देखके" असे बजावत होता. मी त्याला तू बंगाली का म्हणून विचारले, कारण या बेटावर बहुतेक वस्ती बंगाल्यांची. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने १९५० च्या दशकात इथे जमीन देऊन वसवले. त्यांनीच गावांना गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी नावे दिली. घरदार गमावून आलेल्या माणसांनी देव तेवढे बरोबर आणले होते.

तो म्हणाला, "नहीं माँजी, हम रांचीवाले हैं।"

"म्हणजे रांचीहून आलास?"

"मैंने रांची देखा ही नहीं।"

त्याचे आजोबा जंगल खात्याच्या लाकूडतोडीच्या छावणीत कामाला होते, हत्तीबरोबर. मला हे माहीत नव्हते असे नाही, पण वाचलेले माहीत असणे वेगळे. छोटा नागपूरच्या पठारावरून मुंडा, उरांव, खरिया आदिवासींना १९१८ पासून अंदमानात जंगल तोडायला आणले गेले. कैद्यांचे मनुष्यबळ पुरेनासे झाले होते आणि काळ्या पाण्याची शिक्षा बंद करावी अशी चर्चाही सुरू झाली होती. कराराने आलेली ती माणसे पुष्कळशी परत गेलीच नाहीत. त्या सगळ्यांना तिथे एकच नाव आहे, रांचीवाले. मग ते सिंहभूमचे असोत की गुमल्याचे.

मी त्याला म्हटले, ही वाट कोणी केली? तो हसला. "हाथी ने।" मग म्हणाला की तोडलेले ओंडके हत्ती या बाजूने ओढत समुद्रापर्यंत न्यायचे. एलिफंट बीच हे नाव त्यावरूनच पडले. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हत्ती पोहत नेत असत. राजन नावाचा असा एक पोहणारा हत्ती या हॅवलॉकलाच होता. लाकूडतोड थांबल्यावर तो पर्यटकांसाठी पोहू लागला आणि २०१६ साली सहासष्टाव्या वर्षी गेला. पश्चिमेच्या इंटरव्ह्यू बेटावर तर १९६२ च्या सुमारास एका लाकूड कंपनीने धंदा गुंडाळताना चाळीसएक हत्ती तसेच मागे सोडून दिले. ते रानटी झाले. कामावरून काढलेल्या माणसांचे काय होते ते आपण गिरणी संपानंतर मुंबईत पाहिले. हत्तींचे असे होते.

ही वाट एका जागी खारफुटीच्या चिखलातून जाते. तिथे नातीने माझा हात धरला होता. पाय घोट्यापर्यंत रुतत होते आणि मला तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. 'तिथे नेऊन त्यांना काय करायला लावायचे?' उत्तर माझ्या पायाखाली होते. जंगल तोडायला लावायचे.

आपल्या मनात अंदमान म्हटले की सेल्युलर जेल. कोलू, दंडाबेडी, सावरकर बंधू. पण त्या तुरुंगाचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले. वि. दा. सावरकर तिथे १९११ साली पोहोचले. त्याच्या पन्नासएक वर्षे आधी, १० मार्च १८५८ रोजी, डॉ. वॉकर नावाचा तुरुंगाधिकारी दोनशे कैद्यांना घेऊन 'सेमिरॅमिस' बोटीतून पोर्ट ब्लेअरच्या बंदरात उतरला. तेव्हा तिथे तुरुंगच नव्हता. भिंत नव्हती, कारण समुद्र होता. कैद्यांच्या हातात कुऱ्हाडी दिल्या आणि आधी चॅथम, मग रॉस अशी बेटे साफ करायला घेतली. पाऊस, हिवताप, जळवा, वर बेड्या. पुष्कळ जण पळाले, या आशेवर की हे जंगल पलीकडे ब्रह्मदेशाला जोडलेले असेल. ते जोडलेले नाही. परत सापडलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच दिवशी फासावर चढवले. त्यांची नावे मी कधी फळ्यावर लिहिली नाहीत. तात्या टोप्यांची फाशी मात्र तारखेसकट पाठ करून घेतली.

पळालेल्यांपैकी एकाचे नाव राहिले, दुधनाथ तिवारी. कंपनीच्या फौजेतला शिपाई. त्याचे सोबती अंदमानी आदिवासींच्या बाणांनी मेले, हा जखमी होऊन वाचला आणि वर्षभर त्या लोकांतच राहिला. १८५९ च्या मे महिन्यात त्या लोकांनी वसाहतीवर मोठा हल्ला करायचे ठरवले, तेव्हा हा त्यांच्यातून निसटून आला आणि त्याने साहेबाला खबर दिली. १७ मेला अ‍ॅबर्डीनची लढाई झाली. धनुष्यबाण विरुद्ध बंदुका. दुधनाथला माफी मिळाली. आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचे? सत्तावनचा बंडखोर म्हणायचे की फितूर? टिपा लिहा म्हटले तर मी स्वतः अडखळेन. आणि ज्यांच्या अन्नावर तो वर्षभर जगला त्यांनी कोणाचे काय बिघडवले होते? त्यांचे जंगल तोडले जात होते आणि ते ते राखत होते. तोडणारे हात साहेबाचे नव्हते, आपल्याच माणसांचे होते, बेड्या घातलेले. इतिहासाच्या पुस्तकात या दोघांना एका पानावर बसवायची सोय नाही.

हॅवलॉक आणि भोवतालच्या बेटांवर तेव्हा बाले नावाची अंदमानी जमात राहत असे. पुढे वसाहतीबरोबर आलेल्या रोगांनी, विशेषतः १८७७ च्या गोवराच्या साथीने, अंदमानी जमातींची दाणादाण उडाली. हजारोंच्या संख्येतल्या त्या लोकांपैकी ग्रेट अंदमानी म्हणून आज पन्नासच्या आतबाहेर माणसे उरली आहेत. बाले भाषा बोलणारे कोणी नाही. म्हणजे हॅवलॉकच्या आधीही या बेटाला काहीतरी नाव असणारच. स्वराज द्वीप हे पहिले नामांतर नव्हे.

इथे एक घरगुती गोष्ट सांगते. आदल्या दिवशी आमच्यात जरा वाद झाला होता. जावईबापूंनी बाराटांगची सहल ठरवली होती. चुनखडीच्या गुहा, खाडीतून बोट, सगळे सुरेख. पण तिकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा तांडा पोलिसांच्या पहाऱ्यात सोडतात, फोटो काढायला बंदी आहे, तरी लोक काचेला नाक लावून बसतात. २०१२ साली जारवा मुलींना खाऊच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली होती. मी म्हटले, मी येणार नाही, तुम्ही जा. लेक म्हणाली, "आई, तू गेली नाहीस म्हणून रस्ता बंद होणार आहे का?" बरोबर आहे तिचे, होणार नाही. तरीही मी गेले नाही आणि मग कोणीच गेले नाही. तो दिवस जरा धुसफुशीतच गेला. पण एलिफंट बीचची ही वाट चालताना नातीने विचारले, "आजी, मग इथेही कोणाचं तरी घर होतं ना?" मी म्हटले, होते. "मग इथे कशाला आलो?" याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हते. तिथे माणसे अजून आहेत, इथे आपण त्यांना उरू दिले नाही, एवढाच फरक. तेच मी तिला सांगितले.

किनाऱ्यावर पोहोचलो तर वाळूत प्रचंड झाडे उन्मळून पडलेली, उन्हाने पांढरी झालेली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर दक्षिण अंदमानचा भाग खचला, समुद्र आत आला, त्या वेळची ती झाडे. पलीकडे पाणी मात्र असे निळे की खोटे वाटावे.

समुद्रात उतरण्यावरून पुन्हा एक सभा झाली. "आई, या वयात?" मी रक्तदाबाची गोळी घेतली होती, कृष्णा नदीत लहानपणी डुंबले होते आणि आता इतक्या लांब येऊन छत्रीखाली बसायची माझी तयारी नव्हती. शेवटी तिथल्या मुलाने तोडगा काढला. छातीभर पाण्यातच, रबरी ट्यूब धरून, त्याचा हात न सोडता. पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेले. दुसऱ्यांदाही गेले. तिसऱ्यांदा जमले.

मंडळी, काय सांगू! खाली दुसराच मुलूख होता. पोपटमासे पोवळी कुरतडत होते, त्याचा बारीक कटकट आवाज पाण्यात चक्क ऐकू येत होता. समुद्रफुलाच्या झुपक्यात नारिंगी मासा आतबाहेर करत होता. मेंदूसारख्या वळ्या असलेले पोवळ्याचे गोल ढीग होते. आणि त्यांच्या शेजारीच करड्या रंगाचा, मोडलेला चुरा पसरला होता, पडक्या वाड्याच्या चौथऱ्यासारखा. मुलगा वर आल्यावर म्हणाला, "ये सब मरा हुआ है।" २०१० च्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले आणि अंदमानातली पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. पोवळ्याच्या अंगात जे सूक्ष्म शेवाळ राहते तेच त्याला रंग देते, अन्नही देते. पाणी फार तापले की पोवळे ते बाहेर टाकते आणि उपाशी राहते. पाणी लवकर निवले तर ते सावरते, नाहीतर मरते. २०१६ मध्ये पुन्हा तसेच झाले. काही भाग सावरला आहे, काही नाही.

ते गोल ढीग वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मी पाण्यातच हिशेब केला. गुडघ्याएवढे पोवळे म्हणजे पन्नासएक वर्षांचे. कमरेएवढे असेल तर रांचीवाले पहिल्यांदा बोटीतून उतरले त्या सुमाराचे. पुरुषभर उंचीचे कुठे असेलच, तर ते दुधनाथ तिवारीच्या वेळी चिमुकले असणार. मरायला त्यांना एक उन्हाळा पुरतो.

हत्तींची वाट आता पर्यटकांची झाली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या नैसर्गिक जंगलाच्या व्यापारी तोडीला लगाम घातला, म्हणून तर ती उंच झाडे आम्हाला बघायला मिळाली. लाकूडतोड्याचा नातू त्याच वाटेवर आमच्यासारख्यांना हात धरून चालवतो आणि पोट भरतो. जंगल अस्पर्श आहे, असे जाहिरातीत लिहिलेले असते. ते अस्पर्श नाही. तिथे कैद्यांचे, मजुरांचे, निर्वासितांचे आणि हत्तींचे हातपाय लागलेले आहेत. बेटाच्या नावाची पाटी बदलली याबद्दल मला तक्रार नाही, हॅवलॉकबद्दल मला कळवळा असण्याचे कारणही नाही. पण पाटीवर ना पूर्वी ही माणसे होती, ना आता आहेत. मीही बत्तीस वर्षे पाट्याच शिकवल्या.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. कुठे आहे मला माहीत नाही. त्याचे उत्तर इथे लिहून ठेवते. बाळ, पाणी काळे नसते, निळे असते, तळ दिसेल इतके स्वच्छ. जाणाऱ्याला परतीची वाट नव्हती म्हणून ते काळे. आणि तिथे नेऊन त्यांना झाडे तोडायला लावायचे, दुसऱ्या कोणाच्या तरी घराची. हे परीक्षेला नव्हते, पण तुझा प्रश्न बरोबर होता. खाली बसवायला नको होते.

कोणी जाणार असाल तर दोनचार सूचना. चिखलासाठी पायात घट्ट बसणारे बूट घाला, चपला नकोत. पाण्यात पोवळ्यावर पाय ठेवू नका, शंखशिंपले उचलू नका, प्लास्टिकची पिशवी किनाऱ्यावर टाकू नका. पावसात वाट निसरडी होते, तेव्हा हट्ट नको. आणि वाटेत कुठे दम लागला तर नुसते उभे राहू नका, बरोबरच्या वाटाड्याला विचारा की तुझे आजोबा कुठले.

फोटो नात पाठवणार आहे. माझा मास्क लावलेला फोटो कृपया कुणी पुढे धाडू नये.